पावसाळी सह्याद्री आणि अ‍ॅक्रिलिकमधल्या हिरव्याचा घोळ

जुलैत माळशेजला किंवा ताम्हिणीत उभं राहिलं की हिरव्याशिवाय काही दिसत नाही, आणि कॅनव्हासवर नेमकी तीच फसगत होते. सॅप ग्रीनची ट्यूब पिळायची, पांढरा मिसळून लांबचे डोंगर, पिवळा मिसळून जवळचं गवत. तासाभरात चित्र तयार, पण दिसतं दिवाणखान्यातल्या प्लॅस्टिकच्या झाडासारखं. पावसाळी निसर्गचित्रात हिरवा जितका राखून वापरावा, तितका पाऊस जास्त दिसतो.

आधी रंग. टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि थॅलो ग्रीन एवढे सहा पुरतात. थॅलो ग्रीन फार जोरकस असतो. पिवळ्याच्या मोठ्या ढिगात त्याचा मोहरीएवढा थेंब घालायचा, उलटं करायचं नाही. उलटं केलं की तो आवरता आवरता अर्धी पिवळी ट्यूब संपते. जवळच्या झाडीचा काळपट हिरवा हवा असेल तर थॅलो ग्रीनमध्ये बर्न्ट सिएना घाला. काळा घातला तर झाडी मेलेली दिसते. ओल्या कातळासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. निळा जास्त ठेवला तर कडा सावलीत जातो, सिएना जास्त ठेवला तर पुढे येतो.

कॅनव्हास बोर्ड १२ × १६ इंचांचा घ्या. जेसोचे, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन पातळ हात द्या, दुसरा पहिल्याच्या आडवा, आणि वाळल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. मग त्यावर यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाचा फिका, उबदार थर. पुढे हिरव्याच्या फटींतून तो किंचित डोकावतो आणि हिरव्याला श्वास घ्यायला जागा मिळते. पांढऱ्या बोर्डवर थेट हिरवा लावला की हमखास कचकचीत दिसतो.

आपल्याकडे बहुतेकांचा हात जलरंगावर बसलेला असतो, म्हणून रंग पातळ करायचा म्हटलं की तो आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो. जेसो लावलेल्या पृष्ठभागावर ही सवय नडते. पाणी फार झालं की रंग धरून ठेवणारा बाइंडर विरळ होतो. थर डागाळतो, कडेला कडक रेघ उमटते आणि पुढचा हात देताना खालचा रंग सुटून येतो. रंगाच्या चौथ्या हिश्श्याइतकं पाणी बिनधास्त घाला. त्याहून पातळ हवा असेल तर ग्लेझिंग मीडियम, म्हणजे रंग न घातलेला दुधाळ बाइंडर, वापरा.

आता आकाश. पावसाळी आकाश निळं नसतं. भरपूर पांढरा, त्यात चिमूटभर अल्ट्रामरीन, त्याहून कमी सिएना. हे मिश्रण लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट करून झाकणाच्या डबीत ठेवा, कारण पुढचं सगळं चित्र त्यातूनच निघतं. सर्वांत लांबची रांग म्हणजे हेच मिश्रण आणि थोडा जास्त निळा, त्यात पिवळा अजिबात नाही. त्याच्या अलीकडच्या रांगेत ऑकर येतो, म्हणजे राखाडीकडे झुकणारा हिरवा. लेमन यलो शेवटच्या, पायाशी असलेल्या पट्ट्यासाठी राखून ठेवायचा. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, कारण ओला असताना दुधाळ असलेला बाइंडर वाळला की पारदर्शक होतो. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा एक फटकारा पुठ्ठ्यावर मारून हेअर ड्रायरने वाळवून बघा. मिनिटभराचं काम, पण तेवढाच कंटाळा केल्याने किती आकाशं पुन्हा रंगवावी लागतात!

डोंगराचा आकार हा स्वतंत्र विषय आहे. व्हिडिओंत शिकवले जाणारे डोंगर टोकदार, बर्फाळ असतात. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनलेला आहे. माथा सपाट, मग उभा काळा कडा, मग गवताची आडवी पट्टी, पुन्हा कडा. ब्रशही तसाच चालवायचा. कड्यावर अर्ध्या इंचाचा चपटा ब्रश वरून खाली, गवताच्या पट्टीवर आडवा. त्रिकोण काढला की हरिश्चंद्रगडाचं मनाली होतं.

धुक्यात बहुतेकांची गाडी अडते. डोंगर ओला असतानाच पांढरा ओढून धुकं करायला गेलं तर चिखल होतो. आधी डोंगर पायापर्यंत पूर्ण रंगवा आणि वाळू द्या. मग आकाशाच्या मिश्रणात आणखी पांढरा आणि पाचपट ग्लेझिंग मीडियम घालून मऊ, जवळजवळ कोरड्या ब्रशने गोल गोल फिरवत थर द्या. वरची कडा लगेच दुसऱ्या स्वच्छ, दमट ब्रशने विरवा. दोन-तीन मिनिटांत ती धरते, मग हात लावू नका. हा थर ओला असताना धुकं दाट वाटतं आणि वाळल्यावर बरंचसं विरतं, कारण मीडियमचा दुधाळपणा निघून जातो. घाबरून जाड पांढरा लावू नका. तीन-चार पातळ थरांत जी खोली येते, ती एका जाड थरात येत नाही. वाळणं लांबवण्यासाठी रिटार्डर घालता येतो, पण बाटलीवरच्या प्रमाणाबाहेर गेलात तर पावसाळी हवेत चित्र कितीतरी दिवस चिकट राहतं.

धबधबा ट्यूबमधल्या पांढऱ्याने सरळ रेषेत ओढला की दोरी लटकवल्यासारखा दिसतो. कड्याच्या प्रत्येक टप्प्यावर तो तुटला पाहिजे. निळसर राखाडी रंगाने काढा आणि शुद्ध पांढरा फक्त एकाच ठिकाणी ठेवा. भातखाचरांचंही असंच आहे. आधी आकाशाचा रंग भरा, कारण खाचरात पाणी असतं. वरून पिवळट हिरव्याचे तुटक, उभे फटकारे द्या. बांध शेवटी.

चित्र चित्रकार मित्रमंडळींना दाखवायचं ते व्हार्निशच्या आधी, म्हणजे सूचना अमलात आणता येतात. फोटो उन्हात नको, घरातल्या दिव्याखालीही नको. सकाळी दहा-अकराला सावलीत, चित्र उभं ठेवून, पाच-सहा फूट मागे जाऊन थोडा झूम करा. जवळून काढला तर कडा फुगतात. शेजारी पांढरा कागद ठेवा, कारण बरेच फोन हिरवा स्वतःहून भडक करतात आणि मग मित्र चित्रावर नाही, फोनवर मत देतात. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर फोटो दाबला जात नाही. सोबत चित्राचा आकार लिहा आणि त्याच फोटोची कृष्णधवल प्रत जोडा. रांगा एकमेकींत मिसळल्या असतील तर तिथे लगेच कळतं. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘मस्त’ आणि दोन अंगठे मिळतात. ‘मधली रांग मागे जाते का?’ असं विचारलं की कामाचं उत्तर येतं. दुसऱ्याच्या चित्रावर बोलताना आपली नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडली, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. उपाय चित्रकाराला शोधू द्यावा.

प्रत्यक्ष चित्रं घेऊन जायची असतील तर एक धोका लक्षात ठेवा. अ‍ॅक्रिलिकचा थर वाळल्यावरही उष्णतेत मऊ पडतो. दोन चित्रं समोरासमोर ठेवून गाडीच्या डिकीत टाकली तर एकमेकांना चिकटतात, वर्तमानपत्राची अक्षरंही उमटतात. मध्ये बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद घाला आणि बबल रॅप गुंडाळताना फुगे बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर आकाशभर गोल गोल ठसे घेऊन पोहोचाल.