सातबाऱ्याच्या पिशवीतला ब्लॉक

जळगावला कॅन्सर ओपीडी करतो मी. मागच्या मे महिन्यातला एक मंगळवार अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

पेशंट चोपड्याकडचे केळीवाले शेतकरी, चौसष्टीचे, सगळे आप्पा म्हणतात. चाळीस वर्षं बिडी. 2021 मध्ये लघवीत रक्त आलं, किडनीतून लघवीची नळी निघते तिथे गाठ निघाली, ती किडनी काढली. पुढे आजार फुफ्फुसात गेला. एकच किडनी, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणून सिसप्लॅटिन झेपणार नव्हतं, कार्बोप्लॅटिनवाली केमो झाली, मग इम्युनोथेरपी, आणि पाच महिन्यांत फुफ्फुसातल्या गाठी परत मोठ्या. तेव्हा माझ्याकडे आले.

आता पुढचं औषध एन्फोर्टुमॅब, असं मुलगा ऐकूनच आला होता. औषध जबरदस्तच आहे, पेम्ब्रोलिझुमॅब ह्या इम्युनोथेरपीबरोबर पहिल्यांदाच दिलं तर ट्रायलमध्ये निम्मे पेशंट 31.5 महिन्यांच्या पुढे जगले, नुसत्या केमोवर हाच आकडा 16.1. पण आप्पांची शुगर बेकाबू, तीन महिन्यांची शुगर दाखवणारी एचबीए1सी 9.6, पायांना मुंग्या आधीपासून, आणि हे इंजेक्शन नेमकं शुगर चढवतं आणि नसांवर जातं. मला धीर होत नव्हता.

मी विचारलं, एफजीएफआर3 टेस्ट केली का, म्हणजे गाठीत ह्या जनुकात बदल झालाय का ते बघितलं का? कुणी केलीच नव्हती. दोन ठिकाणी ट्रीटमेंट झाली तरी नाही, आणि ह्याचा मला खरंच राग येतो, कारण किडनीकडच्या गाठीत हा बदल मूत्राशयापेक्षा जास्त सापडतो. ऑपरेशनचा ब्लॉक, म्हणजे काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा, कुठाय म्हटलं तर मुलगा म्हणाला, सर, घरी आहे, सातबाऱ्याच्या पिशवीत, आईने जपून ठेवलाय. त्या माऊलीला काय म्हणावं! ब्लॉक टेस्टसाठी मुंबईला पाठवला.

मंगळवारी ते पैशांची सोय करून इंजेक्शनसाठीच आले होते, स्टॉकिस्टला फोन करायचा तेवढा बाकी होता, आणि साडेअकराला रिपोर्ट मोबाईलवर आला. एफजीएफआर3, एस249सी नावाचा बदल, पॉझिटिव्ह. मी दोनदा वाचला, मग फोन थांबवला आणि तिघांना आत बसवलं. म्हटलं, आधी ह्याच बदलावर चालणाऱ्या एर्डाफिटिनिबच्या गोळ्या, इम्युनोथेरपीनंतर हा बदल असलेल्यांत केमोपेक्षा जास्त आयुष्य मिळालंय, 12.1 महिने विरुद्ध 7.8, आणि इंजेक्शन कुठे जात नाही, शुगर ताब्यात आणू, ते पुढच्या वेळेला हाताशी ठेवू. क्रम चुकला तर हात रिकामे होतात, आप्पा.

गोळीने रक्तातलं फॉस्फेट वाढतं हे सांगितल्यावर आप्पा पहिल्यांदा सरसावून बसले, "फॉस्फेट म्हंजे सुपर फॉस्फेट?" मी म्हटलं तेच, फक्त आता शेत म्हणजे तुम्ही. मग दूध, शेंगदाणे, डाळी किती कमी करायच्या ते काकूंनी वहीत लिहून घेतलं. केळी चालतात का विचारलं, फॉस्फेटच्या हिशोबात चालतात, पण शुगर आणि एका किडनीमुळे पोटॅशियम बघून सांगतो म्हटलं. गोळी डोळ्याच्या पडद्यामागे पाणी धरू शकते, म्हणून त्याच दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं आणि चौकटीचा कागद दिला, रोज एकेक डोळा झाकून बघायचा, रेघ वाकडी दिसली तर लगेच फोन.

गोळ्या मिळायला नऊ दिवस लागले. तिसऱ्या आठवड्यात फॉस्फेट वाढून 6.4 आलं, म्हणजे औषध जिथे धरायला हवं तिथे धरतंय, खोकलाही कमी. नखं मात्र सोलायला लागलीत, त्याचं मलम चालू आहे.

तो कागद त्यांनी कॅलेंडरशेजारी चिकटवलाय. परवा सकाळी सातला फोन आला, माझ्या छातीत धस्स झालं, तर आप्पा म्हणतात, "डॉक्टर, रेघा सरळ शेतस."