शब्दाचा सांधा

आठवीत होतो. सातपुड्याकडून गार वारा सुटला की वर्गाच्या खिडक्या आपटायच्या, असे ते दिवस. आमच्या इंग्रजीच्या सरांनी शाळेच्या जाडजूड शब्दकोशातून एक शब्द काढून फळ्यावर लिहिला : लॅचस्ट्रिंग (latchstring). इंग्रजी लिपीत ११ अक्षरं, स्वर फक्त २, आणि त्या दोन स्वरांमध्ये सलग ६ व्यंजनं. मी ‘लॅट’पाशी थांबलो आणि उरलेलं ‘चस्ट्रिंग’ कसंबसं म्हटलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, “बाळा, याला सांधा आहे. तो शोध.”

आधी त्यांनी वस्तू समजावली. दाराला आतून लाकडी खिटी. तिला बांधलेली दोरी भोकातून बाहेर सोडलेली. बाहेरून ओढली की खिटी उचलते, रात्री दोरी आत घेतली की दार बंद. आमच्या धाब्याच्या घराला कडी-कोयंडा होता, तरी ते दार मला लख्ख दिसलं. लॅच म्हणजे खिटी, स्ट्रिंग म्हणजे दोरी. खिटीची दोरी, षष्ठी तत्पुरुष! ही दोरीचीच एक जात, खिटीची नव्हे. म्हणजे उत्तरपद प्रधान. संस्कृतच्या तासाला पाठ केलेला समास इंग्रजीच्या तासाला असा भेटला, याचा आनंद मला आजही तसाच होतो.

मग उच्चार. देवनागरीत सलग लिहायला गेलं तर च, स, ट, र यांचं एकच अवघड जोडाक्षर होतं आणि डोळा फसतो. पण ‘स्ट्र’नं इंग्रजी शब्द सुरू होतो (स्ट्रीट, स्ट्राँग), ‘च्स्ट्र’नं कधीच नाही. म्हणून ‘च’ मागच्या अवयवाकडे, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याकडे, ‘स्ट्र’ पुढच्याकडे. अवयवागणिक एक टाळी वाजवली तर टाळ्या दोनच, आणि जोर पहिलीवर. इंग्रजी सामासिक नामांत आघात बहुधा पहिल्या पदावरच येतो. ब्लॅकबर्ड हा एक ठरावीक पक्षी; दोन्ही शब्द सुटे म्हणून ‘बर्ड’वर जोर दिला की कुठलाही काळा पक्षी.

सर इथं थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण त्यांनी शेजारी ‘टीचर’ लिहिलं. अर्थानं तोडलं तर टीच-अर, जिभेनं तोडलं तर टी-चर. आपलं ‘घरात’ही तसंच : अर्थानं घरा आणि ‘त’ प्रत्यय, पण म्हणताना घ-रात. अर्थाचा सांधा एकीकडे, उच्चाराचा दुसरीकडे. लॅचस्ट्रिंगमध्ये मात्र दोन्ही एकाच जागी येतात.

पुढे जळगावात छापखान्यात मुद्रितशोधनाला लागलो. ओळीच्या शेवटी इंग्रजी शब्द कुठे तोडायचा, हा प्रश्न रोजचा. सामासिक शब्द आधी पदांच्या जोडावर तोडायचा, हे मला तिथं कुणी शिकवावं लागलं नाही.

शाळेच्या ग्रंथालयातल्या त्या शब्दकोशात, एल अक्षराच्या पानांवर, या शब्दाच्या बरोबर सांध्यावर सरांनी पेन्सिलीनं बारीक उभी रेघ मारली होती. कोश अजून कपाटात असेल, तर मुलांनो, ती रेघ पुसू नका.