लक्झेंबर्ग: महागडा देश, फुकटचा प्रवास

कमी पैशांत युरोप बघायचा तर लक्झेंबर्ग टाळ, असं मला बऱ्याच जणांनी बजावलं होतं. जाऊन आल्यावर मी नेमकं उलटं सांगते. दरडोई उत्पन्नात हा देश जगात अगदी वरच्या रांगेत आहे, तरी तिथे फिरायला मला एक पैसा लागला नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वेचा सेकंड क्लास सगळ्यांना मोफत आहे. तिथला नागरिक असो नाहीतर धुळ्याहून आलेली माझ्यासारखी बाई, नियम एकच. फक्त फर्स्ट क्लासला तिकीट लागतं.

मावसभाऊ जर्मनीत ट्रियरला शिकतो, म्हणून मी तिकडून गेले. त्याने मला वासरबिलिगपर्यंतचंच तिकीट काढायला लावलं. सीमेपलीकडचं ते पहिलं स्टेशन, तिथून पुढे भाडं नाही. रात्री फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणे, “मंग टीसी काय करस?” फर्स्ट क्लास तपासतो आणि लोकांना वाट सांगतो, म्हटलं.

देश २,५८६ चौरस किलोमीटरचा. आपल्या धुळे जिल्ह्यात पावणेतीन वेळा मावेल. त्यामुळे राजधानीत एकच मुक्काम ठेवायचा आणि रोज सकाळी वेगळ्या दिशेची गाडी पकडायची. शहर दोन पातळ्यांवर वसलेलं आहे, वर कड्यावर आणि खाली दरीत. फाफेनथालच्या दरीतून वर न्यायला काचेची लिफ्ट आहे, तीही फुकट. पाठीवर पिशवी घेऊन मी तिच्यातून उगाच दोनदा वरखाली केलं.

शेंगेनला मात्र मुद्दाम गेले. युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी ९० युरो फी, बँकेचे कागद, मुंबईची खेप, हे सगळं ज्या नावासाठी केलं ते मोझेल नदीकाठचं, द्राक्षमळ्यांतलं एक छोटंसं गाव आहे. १४ जून १९८५ ला इथे नदीतल्या एका जहाजावर पाच देशांनी सीमेवरची तपासणी उठवायच्या करारावर सह्या केल्या. मी पूल चालत ओलांडून जर्मनीतल्या पेर्लला गेले आणि परत आले. कोणी हटकलं नाही. मग काठावरच्या बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. उरलेल्या पुऱ्यांवर दुसऱ्या दिवशीची दुपारही निघाली.

या फुकट प्रवासाचा पैसा तिथलं सरकार करांतून देतं. आधीही तिकिटांतून खर्चाचा दहावा हिस्सासुद्धा निघत नव्हता. प्रवास फुकट झाला म्हणून रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या म्हणावं, तर तसंही नाही. फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून रोज दोन लाखांहून जास्त माणसं इथे कामाला येतात, त्यातली बरीचशी अजून कारनेच. भाडं माफ केलं तरी गाडी घराजवळून आणि वारंवार सुटायला हवी.

तरीही भाड्याने काय फरक पडतो हे मी घरातच पाहिलंय. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी आई पारोळ्याला माहेरी जायची ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाहीतर कोणी आजारी पडलं तर. आता मनात आलं की निघते. मामी वांगी भाजायला घेते तोवर ही दारात हजर. एवढ्या श्रीमंत देशाने पैसा कशावर घातला याचं मला इतकं अप्रूप वाटतं ते यामुळेच.

जाणार असाल तर खरा खर्च मुक्कामाचा. यूथ हॉस्टेलची खाट लवकर बुक करा. पाणी नळाचं प्या, चांगलं असतं. जेवण हॉटेलात न घेता सुपरमार्केटमधून ब्रेड-फळं आणा. एक दिवस वियांदनच्या किल्ल्यासाठी राखून ठेवा; आधी रेल्वे, पुढे बस, दोन्ही फुकट. किल्ल्याचं तिकीट तेवढं काढावं लागतं, आणि ते जरूर काढा.