पेन्सिलनं लिहिलेलं रोस्टर

दर महिन्याच्या 26 तारखेला रात्री जेवणं आटोपली की मी टेबलावर कागद पसरून बसते. पेन्सिल, खोडरबर आणि मोबाइलवर सहा जणांचे मेसेज. "मॅडम, भावाचा साखरपुडा आहे." "मॅडम, नीट-पीजी जवळ आलीय, नाइट नको." जळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत कोण कधी उभं राहणार, हे मी ठरवते. एक्सेलमध्ये करून पाहिलं, जमलं नाही. मला खोडलेल्या खुणा दिसाव्या लागतात. कुणाची सुटी दोनदा कापली, ते कागदच सांगतो.

इमर्जन्सी मेडिसिन ही आपल्याकडे 2009 मध्ये वेगळी शाखा म्हणून मान्य झाली. मी त्यात एमडी करणार म्हटल्यावर काका म्हणाले होते, "म्हणजे एवढं शिकून कॅज्युअल्टीतच बसणार?" बसायला मिळतं कुठे, काका!

आमच्याकडचं रोस्टर कॅलेंडर बघून लागत नाही, शेत बघून लागतं. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा दुपारी दोन डॉक्टर हवेतच. उष्माघाताच्या पेशंटला ओल्या चादरी, बर्फ, पंखा, सगळं एकदम लागतं. लग्नसराईत रात्री हायवेवरून दुचाकीवाले येतात, बहुतेक बिनहेल्मेटचे. पाऊस पडला की साप. ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधा. फवारताना अंगावर उडालेलं वेगळं आणि घरात भांडून प्यायलेलं वेगळं, पण डोळ्यांच्या बाहुल्या दोघांच्याही टाचणीच्या टोकाएवढ्या.

या विषबाधेच्या रात्री नव्या मुलांना मी मुद्दाम बरोबर घेते. ॲट्रोपिनचा, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचा, डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जायचं, छाती कोरडी होईपर्यंत. आमच्याकडे 0.6 मिलिग्रॅमचे अँप्युल येतात, म्हणजे बघता बघता ट्रेमध्ये काचांचा ढीग होतो आणि फोडणाऱ्याची बोटं कापलेली असतात. पेशंट सुधारला, बोलायला लागला, की मुलं खूश. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला उशीवरून मान उचलायला सांगायची. उचलता आली नाही, तर श्वासही दमणार आहे असं समजायचं आणि व्हेंटिलेटर जवळ आणून ठेवायचा. पुस्तकात हे दोन ओळींत असतं. ती न उचललेली मान एकदा पाहिली की मग विसरत नाही.

पण हे रोस्टरचं वेड मला लागलं ते एमडीच्या आधी, बाँडच्या म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या वर्षात. तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात माझी ड्यूटी सलग 29 व्या तासात होती. बदली डॉक्टर आलाच नव्हता. पहाटे साडेचारला एका तरुण सालदाराला त्याच्या भावानं आणलं. "मॅडम, याचं पोट भलतं दुखी ऱ्हायनं." उलटी एकदा झालेली, ताप नाही, पोट मऊ. मी ॲसिडिटीचं इंजेक्शन लिहिलं, त्याला बाकावर टेकवलं आणि टेबलावर डोकं ठेवलं. तो डोळे मिटून बसला होता. मी म्हटलं, "झोपला वाटतं, बरं वाटतंय त्याला."

सिस्टरनं त्याच्या चेहऱ्यावर टॉर्च धरला. "मॅडम, हा झोपला नाहीये. याला डोळे उघडता येत नाहीयेत."

जमिनीवर झोपलेला माणूस, पावसाळा, पहाटेची पोटदुखी, पडलेल्या पापण्या. मण्यार. तिचा दंश दुखत नाही, कधी कधी खूणही सापडत नाही. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं. तासाभरापूर्वी कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण मी झोपलेलीच नव्हते ना.

सर्पविषप्रतिबंधक लशीच्या 10 कुप्या सुरू केल्या, श्वासासाठी घशात नळी घातली आणि 108 मधून धुळ्यापर्यंत आळीपाळीनं अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास देणारी पिशवी, दाबत गेलो. सहाव्या दिवशी त्याची नळी निघाली. मी भेटायला गेले तर ओळखलं त्यानं. म्हणाला, "मी जागाच व्हतू, मॅडम. तुमी म्हने ना, झोपना वाटस. माले समदं ऐकू येत व्हतं."

रागानं नाही म्हणाला. हसतच म्हणाला.

निवासी डॉक्टरांना सलग 12 तासांहून जास्त ड्यूटी नको, हे केंद्राच्या योजनेत 1992 पासून लिहिलेलं आहे. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्याच कृतिगटानं आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला हसू येतं. असो. माझ्या कागदावर 12 म्हणजे 12. सलग तीन नाइट, चौथी नाही. शिफ्ट सरकवायची ती सकाळवरून संध्याकाळकडे आणि मग रात्रीकडे, उलटी नाही, कारण उशिरा झोपणं शरीराला जमतं, लवकर झोपणं जमत नाही. आणि नाइट करून भुसावळकडे बाइकवर जाणाऱ्यानं आधी ड्यूटी रूममध्ये तासभर पडायचं. चावी माझ्याकडे. यावरून मला हिटलर म्हणतात, मला माहीत आहे.

जे कागदावर मावत नाही, त्याचं काय करावं ते मात्र अजून सापडलेलं नाही. मागच्या पावसाळ्यात विहिरीत पडलेलं चार वर्षांचं पोर आलं. चाळीस मिनिटं सीपीआर केला. आमची ज्युनियर आईला सांगून बाहेर आली, तर पडद्याजवळ एक गृहस्थ ओरडत होते, "तासभर बसलोय, साधा खोकला बघायला वेळ नाही तुम्हाला?" तिनं त्यांना तपासलं, औषध लिहिलं, दिवसातून किती वेळा घ्यायचं ते नीट समजावलं. मग मागे जाऊन सिंकचा नळ सोडून उभी राहिली, पाण्यात हात न घालता. आता अशा केसनंतर पुढचे दोन पेशंट मी घेते आणि त्या डॉक्टरला चहाला पिटाळते. पण मी प्रत्येक शिफ्टला कुठे असते?

या महिन्याचा घोळ वेगळाच आहे. श्रावणातला कानबाईचा, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाचा रविवार. सहापैकी चौघं खानदेशातले, चौघांनाही सुटी हवी, आणि हा नेमका साप-फवारणीचा हंगाम. उरले दोन, एक कोल्हापूरचा, एक नांदेडची. त्यांना फोन केला. कोल्हापूरकर म्हणाला, "करतो मॅडम, पण सोमवारी वरणबट्टीचा डबा पाहिजे, वांग्याच्या भाजीसकट." नांदेडची म्हणाली, तिला बुधवारी ऑफ द्या, आईचे डोळे दाखवायचेत.

बुधवारी मी तिच्याऐवजी स्वतःचं नाव टाकलं. मग आठवलं, त्याच दिवशी लेकीच्या शाळेत पालकसभा आहे. खोडरबर शोधतेय.