ऐकलं एक, वाजवलं भलतंच

रॉकवरच्या गप्पांत कोणीतरी हमखास टाकतंच, अरे हे तर अमक्या बँडचं ढापलंय. बरं, ते बऱ्याचदा खरंही असतं, पण गप्पा तिथेच संपतात याचा मला वैताग येतो. ढापलं ना, ठीक, मग ढापताना काय फसलं ते सांगा की. मला मजा येते ती तिथे. कोणी अर्धवट ऐकलं, कोणाची बोटं पोचली नाहीत, कोणाच्या हाताला भलत्याच वाद्याची सवय होती, कोणाला रेकॉर्डच वेगळी मिळाली, आणि त्या गडबडीत जे वाजलं तेच दहा वर्षांनी दुसऱ्या कोणीतरी मन लावून बसवलं.

ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गिटारवाला टोनी आयोमी घ्या. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात होता, वय 17, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, मधलं बोट आणि अनामिका. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. गिटार संपली म्हणून घरी बसलेला, तर कारखान्यातल्या साहेबाने त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली आणि मग सांगितलं की हा वाजवणारा डाव्या हाताच्या दोनच बोटांवर सोलो काढतोय, बाकीची दोन 1928 च्या आगीत कामातून गेलीत. तो जॅझवाला जँगो राइनहार्ट. एकलव्याची गोष्ट इथे उलटी झाली, आधी बोटं गेली आणि मग गुरू सापडला, तोही रेकॉर्डवर.

आयोमीने मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामड्याचा तुकडा चिकटवला, आणि साध्या तारा दाबल्या की दुखायचं म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'वर तर गिटार 3 सेमिटोन, म्हणजे तीन अर्धे स्वर, खाली उतरवली, सैल तार दाबायला सोपी जाते हे त्यामागचं एक कारण. आता जँगोचं जॅझ म्हणजे झुलतं, चपळ, पायाने ठेका धरावा असं, आणि सॅबथ म्हणजे चिखलातून रणगाडा चाललाय. जँगोशिवाय सॅबथ झालं नसतं, पण सॅबथच्या गाण्यात जँगोची एक फ्रेज शोधून दाखवा, मिळणार नाही. घेतला तो फक्त धीर.

आणि त्याच्या पुढचं मला जास्त आवडतं. सॅबथ ऐकून वाढलेली सिअॅटलकडची पोरं, मेल्व्हिन्स, साउंडगार्डन वगैरे बँडवाली, सगळ्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत, तरी तारा सैल करून बसली कारण जड आवाज म्हणजे असाच हे तोवर ठरून गेलं होतं. एका माणसाची दुखरी बोटं वीस वर्षांनी धडधाकट लोकांच्या हातातून वाजतायत. याला तुम्ही नक्कल म्हणा नाहीतर वारसा, मला फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट जरा लांबलचक आहे. 1964 च्या फेब्रुवारीत बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेत गेले तेव्हा जॉर्ज हॅरिसनला रिकनबॅकरची 12 तारांची इलेक्ट्रिक गिटार मिळाली. त्याच वर्षी त्यांचा सिनेमा आला, तो बघायला रॉजर मॅग्विन नावाचा अमेरिकन पोरगा गेला, सिनेमा राहिला बाजूला, हा बघतोय हॅरिसनच्या हातात काय आहे ते, आणि लगेच तसलीच गिटार मिळवून मोकळा. पण मॅग्विन मूळचा फोकवाला, म्हणजे लोकगीतांतला, बँजो वाजवणारा, त्यामुळे बोटांना पिक, म्हणजे नख्या, अडकवून बँजोसारखं एकेक तार सुटी छेडत वाजवायची सवय. गिटार बीटल्सची, हात बँजोचा, त्यातून 1965 मध्ये त्याच्या बर्ड्स या बँडचा तो किणकिणता आवाज निघाला जो हॅरिसनचा अजिबातच नव्हता. बॉब डिलनचं 'मिस्टर टॅम्बोरीन मॅन' त्यांनी त्या आवाजात केलं ते एकदा हेडफोन लावून ऐका, सुरुवातीचे काही सेकंद पुरेत, गिटार वाजवतायत की काचेच्या गोट्या जिन्यावरून सोडल्यात कळत नाही. बाकी त्या रेकॉर्डिंगवर बँडमधला एकटा मॅग्विनच वाजवतोय, उरलेले भाडोत्री सेशन वाले, पण ते असो.

मग हे हॅरिसनने ऐकलं. आणि बर्ड्सचीच एक रिफ, म्हणजे गिटारची फिरून फिरून येणारी छोटी चाल, उचलून त्याच वर्षी 'इफ आय नीडेड समवन' केलं, आणि तसं त्यांना कळवलंही, चोरून नाही. म्हणजे शिष्याकडून गुरूने परत उचललं, तेही वर्षभराच्या आत.

पुढे 1976 मध्ये टॉम पेटी या अमेरिकन गायकाचं 'अमेरिकन गर्ल' आलं. मॅग्विनला कोणीतरी ते ऐकवलं तेव्हा त्याने विचारलं म्हणे, हे मी कधी रेकॉर्ड केलं? आणि पुढच्या वर्षी खरंच स्वतःच्या अल्बमवर ते गाऊन टाकलं. त्यात अजून एक भर म्हणजे 1988 मध्ये ट्रॅव्हलिंग विल्बरीज नावाचा बँड निघाला त्यात हॅरिसन, पेटी आणि डिलन तिघे एकत्र, म्हणजे आजोबा आणि नातू एकाच बँडमध्ये (मधला मॅग्विन तेवढा नाही, मला उगाच वाईट वाटतं).

याच काळातली रेकॉर्ड वेगळी मिळाल्याची पण एक गोष्ट आहे. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने बीटल्सचा 'रबर सोल' ऐकला आणि ठरवलं की आपणही असाच करायचा, एकही भरतीचं गाणं नसलेला अल्बम. त्यातून 1966 चा 'पेट साउंड्स' झाला, तो ऐकून बीटल्सचा मॅकार्टनी पेटला आणि 1967 चा 'सार्जंट पेपर', हे सगळ्यांना पाठ आहे. पण ब्रायनने ऐकला तो अमेरिकन 'रबर सोल'! ब्रिटनमध्ये 14 गाणी होती, तिकडे एलपीवर कमी गाणी ठेवायची पद्धत, म्हणून कंपनीने 4 काढली आणि आधीच्या अल्बममधली उरलेली 2 घातली. काढलेल्यांत 'ड्राइव्ह माय कार' गेलं आणि ते वरचं 'इफ आय नीडेड समवन' पण गेलं, सुरुवातीला आलं 'आयव्ह जस्ट सीन अ फेस', त्यामुळे अख्खा अल्बम एकाच अकूस्टिक मूडचा वाटायला लागला. बीटल्सनी असा अल्बम केलाच नव्हता. ज्याच्याशी बरोबरी करायला बिचारा ब्रायन झटला तो अल्बम कंपनीच्या ऑफिसात तयार झालेला. मी ती अमेरिकन यादी लावून ऐकतो कधीकधी आणि खरं सांगू, मला तीच जास्त आवडते, बीटल्सवाले मारतील.

चुकीचं ऐकल्याचीही एक गोष्ट. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स स्वतःच सांगतो की ब्लूज गिटारवाल्या रॉबर्ट जॉन्सनची 1930 च्या दशकातली रेकॉर्डिंग्ज पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्याने विचारलं, याच्याबरोबर दुसरा कोण वाजवतोय? दुसरा कोणीच नव्हता.

आता ढापण्याची वाईट बाजू पण आहे आणि ती मी झटकून टाकणार नाही. लेड झेपेलिनच्या 1969 च्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये विली डिक्सनने लिहिलेलं आणि मडी वॉटर्सने 1962 मध्ये गायलेलं 'यू नीड लव्ह' सरळ ऐकू येतं. डिक्सनचं नाव रेकॉर्डवर नव्हतं. 1985 मध्ये त्याने दावा लावला, 1987 मध्ये कोर्टाबाहेर मिटलं, मग नाव लागलं. याउलट न्यूयॉर्कच्या स्ट्रोक्स या बँडने 2001 मध्ये 'लास्ट नाइट'साठी 'अमेरिकन गर्ल'ची सुरुवात उचलली आणि मुलाखतीत कबूलही केलं, तर पेटी म्हणाला मला हसू आलं, बरं आहे की. 2006 मध्ये तेच स्ट्रोक्स त्याच्या टूरवर ओपनिंगला वाजवत होते. पेटी दिलदार होताच, पण त्याला ते परवडत होतं हेही खरं. डिक्सनच्या पिढीच्या ब्लूजवाल्यांना कोणी विचारायलाच आलं नव्हतं.

आणि अगदी हुबेहूब जमलं तर? झेपेलिनसारखा वाजणारा ग्रेटा व्हॅन फ्लीट हा बँड ऐकताना मला तेच होतं, वाजवतात झकास, गातो तर काय वरच्या पट्टीत, 2019 चं रॉक अल्बमचं ग्रॅमी पण मिळालं, पण ऐकता ऐकता मी उठून झेपेलिनच लावतो. काहीच फसलेलं नाही त्यात. माझं मत, भांडू नका.

स्ट्रोक्स ऐकून इंग्लंडातल्या शेफील्डची चार पोरं बँड काढून बसली, आर्क्टिक मंकीज. त्यांच्या 2013 च्या 'अॅरबेला'ची रिफ सॅबथच्या 1970 च्या 'वॉर पिग्ज'ची इतकी जवळची की लाइव्ह वाजवताना ते मध्येच सरळ 'वॉर पिग्ज'च घुसडायचे, म्हणजे आयोमीची बोटं आणि हॅरिसनची गिटार दोन्ही फिरून फिरून या एका बँडात आली. मग 2018 च्या अल्बमची पहिलीच ओळ आली, मला तर फक्त स्ट्रोक्समधला एक व्हायचं होतं. आणि ही ओळ ज्या गाण्यात आहे त्यात स्ट्रोक्ससारखं काहीच नाही, गिटार कुठल्या कुठे मागे, समोर पियानो, तिसाव्या वाढदिवसाला मॅनेजरने त्यांच्या गायकाला, अॅलेक्स टर्नरला, दिलेल्या पियानोवर रचलेली गाणी, चाल एखाद्या हॉटेलच्या लाउंजमध्ये वाजेल अशी. जुने फॅन्स तेव्हा जाम चिडले होते, मी मात्र ते गाणं लागोपाठ ऐकलं.