सांगलीत घर कुठं घेऊ?

माझा धंदा घरांचे नकाशे काढण्याचा. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत असो की दवाखान्याच्या बाकावर, कुणीतरी शेजारी सरकून बसतं आणि विचारतं, "सांगलीत घर कुठं घेऊ?" विचारणाऱ्याचा मुलगा बहुतेक पुण्यात नोकरीला असतो; किंवा विचारणारा स्वतःच तो मुलगा असतो आणि घर आई-वडिलांसाठी हवं असतं. मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न येतो, "तिथं पाणी कुठवर आल्तं?" तुम्हीही परवा हेच विचारलंत. उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितो.

पाण्याचं आधी उरकू, कारण ते सोपं आहे. सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. तिथं कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर गेली की धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित. (शंभर वर्षांत एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की नातवंडांपर्यंत निर्धास्त, असा अर्थ होत नाही. दर साली शंभरात एक, एवढीच ती शक्यता. २००५, २०१९ आणि २०२१ बघितलेल्या माणसाला हे सांगायला लागू नये, पण लागतं.) पूररेषेचा नकाशा बघा, शेजारच्या भिंतीवरची चिखलाची खूण बघा, लाल रेषेबाहेर घ्या. झालं.

बहुतेकांचा गृहपाठ इथंच संपतो. माझी तक्रार त्याबद्दल आहे. पूर चौदा वर्षांनी आला, मग दोनच वर्षांनी आला. दारातला रस्ता रोजचा आहे. ज्यांना परवडलं ते पुराला भिऊन उंचावर गेले. विश्रामबाग, मिरज रस्ता, कुपवाडची बाजू. पुरातून सुटले, आणि त्यातल्या पुष्कळांचं चालणंही सुटलं.

गावभाग, म्हणजे नदीकाठची जुनी सांगली, कुठल्याही नियमावलीत बसणार नाही. गल्ल्या अरुंद, खाली दुकान वर बिऱ्हाड, भिंतीला भिंत. पार्किंगच्या नावानं बोंब. पण तिथल्या सत्तरीतल्या बाईचा दिवस बघा. सकाळी दुधाला जाऊन येते. अंघोळ झाली की गणपतीला. मग मंडईत, कारण भाजी त्या त्या दिवशीची लागते आणि भावात घासाघीस केल्याशिवाय तिला ती गोड लागत नाही. संध्याकाळी गिरणीतून दळण, येताना दोन ओट्यांवर टेकून कुणाच्या सुनेचं काय चाललंय याची विचारपूस. हिला "व्यायाम करता का?" विचारलं तर म्हणेल, "या वयात कसला आलाय व्यायाम!"

लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली बस कामगारांचा अभ्यास छापला. दुमजली बस, ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. शहर एक, गाडी एक. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी कमी गंभीर. पुढं मॉरिस यांनीच युनिफॉर्मच्या विजारींची मापं तपासली, तेव्हा दिसलं की ड्रायव्हर मंडळी मुळातच कमरेनं जाड होती. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. तरी चालण्या-चढण्यानं हृदय टिकतं हा मूळ मुद्दा नंतरच्या अभ्यासांत पक्काच होत गेला. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या कंडक्टरांनी आरोग्यासाठी म्हणून काहीही केलं नव्हतं. जिना त्यांच्या नोकरीत होता. गावभागातल्या आजीचं चालणं तिच्या पत्त्यात आहे.

आता तीच बाई उंचावरच्या, चकचकीत, गेटबंद इमारतीत आणून ठेवा. दूध ॲपवर येतं. भाजी मुलगा शनिवारी गाडीतून आठवड्याची आणतो. देवळाला रिक्षा. राहता राहिलं समोरचं मेडिकल, तर मध्ये रुंद रस्ता. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची पद्धत आहे. गुडघे धरलेली बाई ०.८ मीटरनं चालते असं समजा. शंभर फुटांचा रस्ता म्हणजे तीस मीटर. इंजिनिअरच्या हिशेबानं २५ सेकंद, हिच्या पायांनी ३८. वरचे तेरा सेकंद ती भर रस्त्यात, सुटलेल्या दुचाक्यांच्या पुढ्यात. आणि हे सिग्नल असेल तिथलं. दोन-चार वेळा असं झालं की ती म्हणते, "नको बाबा, तूच आण येताना." त्या दिवसापासून तिची शुगर वाढायला लागते, पण केसपेपरवर त्या रस्त्याची नोंद कुठं होत नाही.

गिऱ्हाईक मला उत्साहानं सांगतं, "समोरून डीपी रोड जाणार आहे, मोठा होणार आहे." डीपी रोड म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता. भाव वाढणार म्हणून खूश. रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेग वाढतो, हे त्याच्या डोक्यात येत नाही. फूटपाथचं तर विचारूच नका. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत तो निदान १.८ मीटर मोकळा आणि रस्त्यापासून १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नसावा असं आहे. आपला फूटपाथ म्हणजे गटारीवरची झाकणं. त्यावर आधी विजेचा डीपी, मग पाणीपुरीचा गाडा, मग कुणाची तरी बुलेट, आणि चढायला पायरी गुडघ्याएवढी. मग हीच मंडळी सकाळी मोटार काढून आमराईत फिरायला जातात. फिरायला, मोटारीनं! वर फाटकाजवळ जागा मिळाली नाही तर कुरकुर.

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, देशभरची मधुमेहाची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यात शहरात १६.४ टक्के आणि खेड्यात ८.९ टक्के लोकांना मधुमेह दिसला. सगळं पाप रस्त्यावर ढकलू नये. खाणं आहे, वय आहे, बैठं काम आहे, आणि आपण सांगलीकर भडंग काही सोडत नाही. पण खाण्याबद्दल डॉक्टर बोलतात. रस्त्याबद्दल घर घेताना कुणीच बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

स्वस्त पडतो म्हणून गुंठेवारीतला प्लॉट बघणारेही येतात. त्यांना मी हिणवत नाही. ज्याच्याकडं तेवढेच पैसे आहेत तो दुसरं काय करणार? शेतं गुंठ्या-गुंठ्यानं विकली गेली, लोकांनी घरं बांधली, २००१ च्या कायद्यानं ती नियमित करायची वाट झाली. कागद मिळाला. पण कागदानं गल्ली रुंद होत नाही आणि गटारीला उतार येत नाही. रीतसर लेआउट ०.४ हेक्टरच्या, म्हणजे साधारण एकराच्या वर गेला की दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. गुंठेवारीत ती कुणी सोडायची? इंच-इंच विकला गेलेला. खाली काळी माती, पाणी मुरायला वर्षभर तयार नाही. श्यामरावनगरच्या बाजूला जुलैत एकदा चपला हातात घेऊन चालून बघा, मग तिथली पोरं खेळायला का बाहेर पडत नाहीत ते कळेल.

अशा ठिकाणी लोक गटारीकडं बोट दाखवून म्हणतात, "डेंग्यू इथनंच येतोय." डेंग्यूचा डास गटारीचा शौकीन नाही. त्याला घरातलं स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की घरात पिंपं, बादल्या, हंडे वाढतात, आणि तोच त्याचा पाळणा. अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करा, म्हणतात ते ह्याच हिशेबानं. म्हणून फ्लॅट बघताना पाणी किती वाजता येतं, दाब किती असतो, टाकीचं झाकण घट्ट बसतं का, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का, हे बघायचं. ह्यासाठी गच्चीवर कुणी चढत नाही. व्ह्यू बघायला सगळे चढतात.

"मग वडिलांचं गावभागातलं घर विकू नको म्हणता?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. ते घर किती उंच जोत्यावर आहे, वर धड मजला आहे का, आणि पूर आला की आठ दिवस कुठं जाणार हे ठरलेलं आहे का, यावर आहे. ठेवणार असाल तर भिंतींची काळजी घ्या. पुराचं पाणी आठवडाभर बसलेली भिंत वरून पंधरवड्यात वाळल्यासारखी दिसते; आतून वाळायला महिने लागतात. गणपती-दिवाळी तोंडावर म्हणून लोक घाईनं पुट्टी आणि ऑइलपेंट मारून मोकळे होतात. ओल आत कोंडते, पावसाळ्यानंतर कपाटामागं बुरशी धरते, आणि हिवाळ्यात नातवाला धाप लागली की दोष थंडीला. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, सिमेंटचा धरून बसतो. जुन्या वाड्याची भिंत सिमेंटनं लिंपू नका, कोणीही स्वस्तात करून देतो म्हणालं तरी. रंग वर्षभर लावूच नका. विजेचा मीटर आणि बटणं वर घ्या, धान्य वर घ्या. म्हातारीला मात्र खालीच ठेवावं लागतं, कारण वाड्याचा जिना उभाच्या उभा. ह्या पेचाला माझ्याकडं सोपं उत्तर नाही; जागा असेल तर मी मधल्या टप्प्याचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला नवा जिना काढून देतो आणि घरातली एक खोली खाऊन टाकतो म्हणून शिव्या खातो.

नव्या इमारतींत पेच उलटा. तळाला स्टिल्ट पार्किंग, माणसं सगळी वर. पुराला हे ठीक. पण मीटरबॉक्स आणि पंपाचं पॅनेलही तळालाच बसवलेलं असतं, त्यामुळे पाणी आलं की लिफ्ट आणि नळ दोन्ही एकदम बंद. लिफ्टला जनरेटर आहे का, हे विचारल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांसाठी तिसऱ्याच्या वर जाऊ नका.

गोंगाट आणि झाडांचं थोडक्यात सांगतो. शेजारच्या मिरजेत १८९४ पासून वानलेस रुग्णालय आहे, आता तर गावभर दवाखाने. कर्नाटकातूनही माणसं येतात. रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा नियमात आहे. एकदा स्टेशनकडनं येणाऱ्या रस्त्यावर उभे राहा आणि ऐका. १९८४ साली रॉजर अल्रिच यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना जोरकस वेदनाशामकंही कमी लागली. रुग्णांच्या जोड्या २३ च होत्या, त्यामुळे त्यावर फार मजले चढवू नयेत. पण बेडरूमची खिडकी उघडल्यावर कडुनिंब दिसतो की शेजारच्या संडासाचा डक्ट, हे बघायला पैसे पडत नाहीत.

तर, कुठं घ्यायचं? मी असतो तर लाल रेषेबाहेर, पण गावाला धरून. विश्रामबागेच्या बाजूच्या जुन्या, रीतसर लेआउट पाडून वसलेल्या कॉलन्या बघितल्या असत्या. आतले रस्ते लहान, त्यामुळे गाड्या हळू. झाडं पन्नाशीची. कोपऱ्यावर किराणा, मध्ये मोकळी जागा, तिथं संध्याकाळी कट्ट्यावर पेन्शनर. तिथले बंगले पाडून आता छोट्या इमारती होतायत. पहिला मजला मिळाला तर दुसरा बघू नका. भाव जास्त सांगतील. एक खोली कमी घ्या, पण तिथं घ्या. क्लबहाउस, जिम, स्विमिंग पूल हे जाहिरातीत असतं तिथं कोपऱ्यावरचं दुकान नसतं, हे बघून ठेवलंय मी.

आणि बघायला येताना आईला घेऊन या. बिल्डर म्हणेल, चौकात गाडी पाठवतो, नको म्हणा. चौकातून तिला चालत येऊ द्या, रस्ता ओलांडून, संध्याकाळी सातच्या गर्दीत, जमलं तर पावसाचे दिवस असताना. वाटेत दूध, मेडिकल, टेकायला एखादा कट्टा लागतो का बघा. किचनच्या ट्रॉल्यांना ती नावं ठेवीलच, तो तिचा हक्क. त्याआधी विचारा, "उद्या इथवर एकटी येशील का?" हो म्हणाली तर नकाशा घेऊन माझ्याकडं या. गच्चीवर चढून टाकीचं झाकण मी बघतो.