आठव्या दिवशीचा नळ आणि दिवसा चावणारा डास

आम्ही स्कॉटलंडमधलं अबरडीन सोडून लातूरला परत आलो ते २०२३ च्या जूनमध्ये. मुलगा साडेचार वर्षांचा, जन्म तिकडचाच. घरी पोचून तिसराच दिवस होता. सकाळी लेकरू उठलं तर त्याचा डावा डोळा उघडेना. पापणीवर एकच डास चावला होता, पण सूज गालापर्यंत उतरली होती. पोटऱ्यांवर सात-आठ गाठी, लाल, हात लावला तर गरम लागणाऱ्या. दोन गाठींवर पाण्याचे फोड आले होते. तो रडत नव्हता, नुसता खाजवत होता, आणि ते बघणं रडण्यापेक्षा अवघड होतं.

बालरोगतज्ज्ञांनी नीट समजावलं. डास चावताना आपली लाळ अंगात सोडतो आणि त्या लाळेतल्या प्रथिनांवर शरीर चवताळून उठतं. इथल्या लेकरांना पाळण्यापासून डास चावतात, त्यांच्या अंगाला ती लाळ ओळखीची झालेली असते. बाहेरून नव्याने आलेल्याला, त्यातून लहान मुलाला, ती अनोळखी. चावे सोसत सोसत सूज कमी होत जाते, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षंही. तोवर सेट्रिझिनचं सिरप, कॅलामाइन, थंड पाण्याची पट्टी आणि नखं बारीक कापलेली. शेवटचं मी फार मनावर घेतलं नाही आणि ते चुकलं. आठ दिवसांत एक गाठ खाजवून खाजवून पिकली, पू झाला, मग मलम आणि अँटिबायोटिक. तेव्हापासून दर दोन दिवसांनी नखं कापणं हे माझं कामच झालं.

स्कॉटलंडमध्ये चावणारे किडे नाहीत असं नाही. तिकडे पश्चिमेच्या डोंगरात मे ते सप्टेंबर ‘मिज’ नावाची चिलटं ढगासारखी येतात आणि माणसाला उभं राहू देत नाहीत. पण ती माणसाला रोग देत नाहीत आणि वारा सुटला की पळतात. आम्ही पूर्व किनाऱ्यावर होतो, तिथे त्यांचा त्रास नाहीच म्हणावा इतका कमी. नऊ वर्षं आमच्या घराच्या खिडक्यांना जाळी नव्हती. म्हणजे डासांत वाढलेली मीसुद्धा सवय विसरून आले होते.

पहिला महिना आम्ही सगळं रात्रीपुरतं केलं. खिडक्यांना वेल्क्रोची जाळी बसवली. पलंगावर मच्छरदाणी, तीही गादीखाली सगळीकडून खोचलेली. दिवेलागणीला दारं बंद. अत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगणात शेणाच्या गोवरीवर कडुलिंबाचा वाळला पाला टाकून धूर करायच्या. पंखा मात्र खरंच उपयोगी पडला. डास उडण्यात दुबळा असतो, पंख्याच्या झोतात त्याला अंगावर टिकता येत नाही. लाईट गेली की तेही संपायचं.

एवढं करूनही लेकराच्या घोट्यांवर रोज नव्या गाठी. मला काही सुधरेना. मग एक दिवस दुपारी चारच्या सुमाराला तो ओसरीवर पाटीवर चित्र काढत बसला होता, आणि मी त्याच्या पायावर डास बसलेला पाहिला. काळा, लहानसा, पायांवर पांढरे पट्टे. मारला तर तळहातावर रक्ताचा ठिपका. हा एडिस. हा दिवसा चावतो, सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर जास्तच. एरवी पलंगाखाली, खुंटीवर लटकवलेल्या कपड्यांमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहतो आणि जमिनीलगत येऊन घोट्यांना चावतो. आम्ही रात्रीची तटबंदी करत होतो आणि हा भरदिवसा घरातच होता. डेंगी आणि चिकुनगुनिया हाच पसरवतो.

तो येतो कुठून? सगळे म्हणायचे, गटारातून. गटारात क्युलेक्स वाढतो, रात्री कानाशी गुणगुणतो तो. एडिसला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि ते आमच्या घरात होतं. आमच्या भागात नळ आठ दिवसांनी सुटायचा, कधी दहा दिवसांनी. अंगणात सिमेंटचा हौद आणि भिंतीला लागून पाच निळी बॅरलं. ही बॅरलं घेतली २०१६ च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाणी घेऊन लातूरला आली होती. टंचाई सरली, बॅरलं राहिली.

संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च घेऊन मी तिसऱ्या बॅरलमध्ये डोकावले. वरून पाणी काचेसारखं. उजेड पडला तशी पृष्ठभागावर तिरपी लटकलेली तांदळाच्या कणीहून बारीक काडी हलली, मग दुसरी, मग शेकड्यांनी, सगळ्या वळवळत तळाकडे. मी तशीच थांबले. मिनिटाभरात एकेक करून परत वर आल्या, शेपटाकडची नळी पाण्याबाहेर काढून श्वास घ्यायला. त्यांच्यात काही स्वल्पविरामासारखे वाकडे कोष होते. ते दोन दिवसांत उडणारे. आणि पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बॅरलच्या भिंतीला, काजळाचं बोट फिरवावं तशी बारीक काळी किनार. ती अंडी. हे पाणी आम्ही आंघोळीला वापरत होतो.

उन्हाळा-पावसाळ्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आमचा नळही आठ-दहा दिवसांनी. आमच्या पाण्याचं चक्र आणि त्याच्या जन्माचं चक्र एकच होतं. शिवाय नळ आला की आम्ही उरलेल्या पाण्यावरच नवीन पाणी भरायचो, म्हणजे बॅरल कधी कोरडं होतच नव्हतं. आणि झालं तरी भागत नाही, कारण ही अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. नुसतं ओतून चालत नाही, घासावंच लागतं.

मी तडक बॅरल आडवं करायला गेले. अत्या आतून धावत आल्या.

“आगं माय, आठ दिवसाला नळ येतंय अन् तू पाणी सांडायलीस?”

त्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय. तेव्हा त्या तेरा-चौदा वर्षांच्या होत्या, रस्त्याच्या कामावर खडी वाहायला जायच्या आणि सुकडी खाऊन दिवस काढायच्या. पाणी सांडणं त्यांना हातून अन्न सांडल्यासारखं लागतं. मी वाद घातला नाही. त्यांचा हात धरून टॉर्च दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “सांडू नको. गाळू.”

आणि खरंच, रीत त्यांनीच बसवली. बॅरलांवर ऑइलपेंटने एक ते पाच आकडे घातले. पाणी आकड्याप्रमाणेच वापरायचं, एक रिकामं होईतो दोनला हात लावायचा नाही. रिकामं झालं की त्याच दिवशी काथ्याने आणि धुण्याच्या पावडरीने आतली भिंत खसाखसा घासायची, पाण्याच्या रेषेपाशी दुप्पट, आणि उन्हात पालथं घालायचं. नळाच्या आदल्या दिवशी पाचव्यात जे उरलं असेल ते दुहेरी फडक्यातून बादल्यांत गाळून धुण्या-भांड्याला संपवायचं, फडकं उन्हात झटकून वाळवायचं. पाणी वाया गेलं नाही, अळी वाचली नाही. झाकणं कधीच हरवली होती, म्हणून अत्यांनी जुनं सुती लुगडं दुहेरी कापून तोंडावर ताणलं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बसवली. कापड ताठच पाहिजे. मध्ये झोळ पडून ते पाण्याला टेकलं की त्या ओलीवरच मादी अंडी घालते. हौद काही रिकामा करण्यासारखा नव्हता, त्यात आशाताईंनी, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य-स्वयंसेविकेने, आणून दिलेले गप्पी मासे सोडले. अळ्या हेच त्यांचं खाणं. प्यायचं पाणी वेगळ्या रांजणात, घट्ट झाकणीचं.

मग घरभर शोध. कूलर! मे महिना संपला की आपण तो नुसता बंद करतो. तळाशी चार बोटं पाणी तसंच असतं. फ्रिजच्या मागचा ट्रे, तुळशीजवळची बशी, गच्चीवरच्या टाकीचं तडकलेलं झाकण, चिमण्यांसाठी टांगलेलं मातीचं भांडं. प्रत्येक ठिकाणी सापडल्या असं नाही, पण ट्रेमध्ये होत्या आणि कूलरमध्ये तर खच.

लेकराच्या अंगाला सकाळी आणि दुपारी झोपून उठल्यावर डीट (डासांना दूर ठेवणारं औषध) असलेलं क्रीम लावायचे, वीस टक्क्यांचं, उघड्या भागावर तेवढंच. त्याच्या तळहातांना नाही, कारण मुलं डोळे चोळतात. फिकट रंगाच्या सैल लांब पँट शिवून घेतल्या. काळ्या-निळ्याकडे हा डास जास्त ओढला जातो.

जुलैअखेर गाठी निम्म्यावर आल्या. मला वाटलं, जिंकलो.

ऑगस्ट कोरडा गेला. देशभरात शंभरावर वर्षांतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला तो. पाऊस नाही तर डास नाही, असं आपल्याकडे धरून चालतात. पण पावसाने ओढ दिली की माणसं धास्तावून जास्त पाणी साठवतात. गल्लीत घरोघरी भांडी वाढली, टँकर आले, पिंपं आली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला ताप भरला. एकशे तीन. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर आणि गुडघे कुणी मोगरीने ठेचल्यासारखे. तिसऱ्या दिवशी एनएसवन चाचणी पॉझिटिव्ह. डेंगी.

ज्यांच्या घरी ही वेळ येईल त्यांच्यासाठी डॉक्टरांचं सांगणं लिहून ठेवते. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नाही, त्याने रक्तस्राव होऊ शकतो. पाणी, ताक, पेज, मीठ-साखरेचं पाणी सतत थोडं थोडं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ताप उतरला म्हणजे बरं झालं असं समजायचं नाही. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जपायचे असतात. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, बेचैनी, यांतलं काहीही दिसलं की दवाखाना. माझा ताप पाचव्या दिवशी उतरला, प्लेटलेट बासष्ट हजारांवर आल्या. दोन दिवस दाखल राहिले, सलाईन लागलं, प्लेटलेट चढवाव्या लागल्या नाहीत.

त्या आठवड्यात मी भरदिवसा मच्छरदाणीत पडून होते आणि मुलाला जाळीबाहेर बसवून गोष्ट सांगायचे. तापाच्या दिवसांत रोग्याच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला डास पुढे घरच्यांना तो देतो. जाळी माझ्यासाठी नव्हतीच, ती त्याच्यासाठी होती. तो बोट जाळीला लावून विचारायचा, “आई, तू बाहेर कधी येणार?”

आमच्या घरात अळी नव्हती, तरी डेंगी आला. एडिस फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटर, बहुतेकदा त्याहूनही कमी. म्हणजे तो आमच्या भिंतीपलीकडूनच आला होता. धुराची गाडी गल्लीत येऊन जायची, पण तो धूर उडत्या डासापुरता. पाण्यातल्या अळीला त्याचं काही नाही आणि आठवड्याभरात नवे डास तयार.

महालक्ष्म्या आल्या तेव्हा मी जेमतेम उभी राहात होते. हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या. मखराशेजारच्या स्टुलावर मी काचेची बरणी ठेवली होती, शेजारच्या काकूंच्या परवानगीने त्यांच्याच पिंपातून काढलेलं पाणी. तोंडाला कापड बांधलेलं, आत अळ्या. काकूंनी आधी तोंड फिरवलं, मग वाकून पाहिलं. त्यांच्या नातवाला ऑगस्टमध्ये डेंगी होऊन गेला होता. “हे आमच्याच घरचं?” एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी अत्या स्वतः लुगड्याचे तुकडे आणि ट्यूबच्या पट्ट्या घेऊन चार घरं फिरल्या. मी सांगितलं असतं तर परदेशातून आलेल्या सुनेचं शहाणपण ठरलं असतं. बहात्तर पाहिलेली बाई पाणी गाळा म्हणते, तेव्हा बायका ऐकतात.

एक सांगायचं राहिलंच. ज्या सिकंदराबादेत ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला, ते तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि आपलं लातूरही. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, त्यांना पण खाज सुटायची का? आता तो रोज रात्री टॉर्च मागतो.

जानेवारीत येळवस आली, म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतात जाऊन पूजा करायचा सण. औशाकडच्या शेतावर गेलो. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, भज्जी आणि आंबील झालं, आणि लेकरू दिवसभर हरभऱ्यात लोळलं. लाल मुंग्या चावल्या, एक गोचीड मांडीला चिकटलेली निघाली (चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही). संध्याकाळी कपडे काढून अंग तपासलं तर डासाचे पाच चावे होते. पाचही मोहरीएवढे, सकाळपर्यंत गेले.

आमच्या मागच्या प्लॉटवर या मार्चपासून बांधकाम चालू आहे. स्लॅबवर पाणी तुंबवून ठेवतात आणि विटांची उघडी टाकी आहे. मुकादमाशी दोनदा बोलले, तो हो म्हणतो. रविवारी अत्या येणार आहेत सोबत, लुगडं घेऊन.